गुरुत्वीय भिंगातील क्वेसार : तेजस्वितेचे चढउतार आणि कालविलंबाचे मापन

गुरुत्वीय भिंगाच्या अभ्यासात दुर्बिणीतून ज्या राशी प्रत्यक्ष हाती येतात, त्यांपैकी बहुतेक कोन किंवा गुणोत्तर या स्वरूपाच्या असतात. दोन प्रतिमांमधील अंतर विकलांत मिळते, त्यांच्या तेजस्वितांचे परस्पर प्रमाण मिळते, वर्णपटावरून ताम्रसृती मिळते. परंतु संपूर्ण रचना किती मोठी आहे हे यांपैकी कोणतीही राशी सांगत नाही. सर्व अंतरे व सर्व वस्तुमाने योग्य प्रमाणात दुप्पट केली, तरी आकाशातील चित्र जसेच्या तसे राहील. या चित्राला मापाची पट्टी पुरविणारी राशी एकच आहे. ती म्हणजे एका प्रतिमेचा प्रकाश दुसऱ्या प्रतिमेच्या प्रकाशापेक्षा किती दिवस उशिरा पोहोचतो, हा कालविलंब. ही राशी कशी मोजली जाते, तिच्या मापनात कोणत्या चुका संभवतात आणि तिच्यावरून विश्वाच्या प्रसरणाविषयी कितपत खात्रीने बोलता येते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. मूळ कल्पना

जड वस्तूच्या सान्निध्यात प्रकाशकिरण वाकतो, हा व्यापक सापेक्षता सिद्धांताचा निष्कर्ष १९१९ च्या सूर्यग्रहणातील वेधांनी पडताळला गेला. सूर्याच्या जागी संपूर्ण दीर्घिका असेल आणि तिच्या बरोबर मागे, फार दूर, एखादा तेजस्वी उगम असेल, तर त्याच्या एकाहून अधिक प्रतिमा दिसू शकतात. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ स्युर रेफ्सडाल यांनी १९६४ मध्ये या विचाराला नवे वळण दिले. भिंगामागे एखाद्या अतिदीप्त नवताऱ्याचा स्फोट झाला, तर तो एका प्रतिमेत आधी व दुसरीत नंतर दिसेल. या दोन क्षणांमधील अंतर मोजले आणि भिंगातील वस्तुमानाची वाटणी ठाऊक असली, तर हबल स्थिरांक काढता येईल, असे त्यांनी दाखविले. त्या वेळी असे एकही भिंग ज्ञात नव्हते.

त्याच सुमारास क्वेसारांची ओळख पटू लागली होती. ३सी २७३ या उगमाची ताम्रसृती मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ओळखली. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त द्रव्याच्या चकतीचे तेज होय. तो फार दूरवरूनही दिसतो, आकाराने अतिशय लहान असतो आणि त्याचे तेज अनियमितपणे कमीजास्त होत राहते. या तिन्ही गुणांमुळे रेफ्सडाल यांच्या युक्तीसाठी तो अतिशय सोयीचा ठरतो. १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना सप्तर्षी तारकासमूहात क्यू ०९५७+५६१ ही क्वेसारांची जोडी सापडली. दोन बिंदूंमधील अंतर सुमारे ६ विकला, दोघांची ताम्रसृती १.४१, आणि वर्णपट जणू एकमेकांच्या प्रती. ही एकाच क्वेसारची दोन रूपे असून ०.३६ ताम्रसृती असलेली एक दीर्घिका व तिच्याभोवतीचा दीर्घिकासमूह हे त्यांचे भिंग होय, असा निष्कर्ष निघाला. भाकितानंतर पंधरा वर्षांनी असे पहिले भिंग हाती आले.

२. विलंब कशामुळे होतो

कालविलंबाची कल्पना स्पष्ट होण्यासाठी कल्याण-ठाणे लोहमार्गाचे उदाहरण उपयोगी पडेल. डोंबिवलीहून ठाण्याकडे येताना दिव्याच्या पुढे पारसिकचा डोंगर आडवा येतो. १९१६ साली खुल्या झालेल्या बोगद्यातून जाणारा मार्ग डोंगराच्या पोटातून सरळ निघतो. दुसरा मार्ग मुंब्रा व कळवा या स्थानकांवरून डोंगराला वळसा घालून येतो. आता असे समजावे की, दिव्याहून गाड्या जोडीजोडीने एकाच क्षणी सुटतात. जोडीतील एक बोगद्यातून व दुसरी मुंब्र्यावरून धावते. प्रत्येक जोडीतील दोन्ही गाड्यांत उतारूंची संख्या सारखी असते, परंतु ती एका जोडीहून दुसऱ्या जोडीत बदलत जाते. ठाण्यास उभ्या असलेल्या निरीक्षकाला दिवा दिसत नाही आणि गाड्या केव्हा सुटल्या हेही ठाऊक नाही. तो फक्त दोन्ही मार्गांवर येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ आणि तिच्यातील उतारू यांची नोंद ठेवतो. काही काळाने दोन्ही नोंदींत चढउतारांचा एकच क्रम असून दुसरी नोंद पहिलीच्या ठराविक मिनिटे मागे आहे, असे त्याच्या ध्यानात येते. ही मिनिटे म्हणजेच कालविलंब होय.

या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, सर्वच गाड्यांत उतारू सारखे असते, तर निरीक्षकाला विलंब कधीही कळला नसता. ज्या क्वेसारचे तेज स्थिर आहे, त्याच्यावरून कालविलंब काढता येत नाही. मापन शक्य होते ते केवळ चढउतारामुळे. दुसरी गोष्ट अशी की, विलंबाला दोन कारणे असू शकतात. वळशाचा मार्ग लांब असतो, आणि वळणावर गाडीचा वेगही कमी ठेवावा लागतो. गुरुत्वीय भिंगातही अशीच दोन कारणे एकत्र येतात. वाकलेल्या मार्गाची लांबी सरळ मार्गापेक्षा अधिक असते, हा भौमितिक विलंब. शिवाय वस्तुमानाजवळील खोल गुरुत्वीय विभवातून जाताना, दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळाने मोजल्यास, प्रकाशाला अधिक वेळ लागतो. हा दुसरा विलंब अर्विन शापिरो यांनी १९६४ मध्ये सूर्यमालेच्या संदर्भात दाखवून दिला. दोन्ही विलंबांची बेरीज विश्वाच्या प्रसरणामुळे भिंगाच्या ताम्रसृतीत एक मिळविल्यास येणाऱ्या संख्येने गुणली जाते.

हेच फेर्माच्या तत्त्वाच्या भाषेत अधिक नेटकेपणाने सांगता येते. आकाशाच्या प्रतलावरील प्रत्येक बिंदूमार्गे येणाऱ्या काल्पनिक किरणाला लागणारा काळ काढल्यास एक पृष्ठभाग मिळतो. या पृष्ठभागावर जेथे उतार शून्य असतो, म्हणजे जेथे दरी, शिखर किंवा खिंड असते, तेथेच प्रतिमा दिसते. दरीतील प्रतिमेचा प्रकाश सर्वांत आधी येतो. दोनच प्रतिमा ठळक दिसणाऱ्या भिंगात सामान्यतः भिंगदीर्घिकेपासून दूर असलेली प्रतिमा पुढे असते व जवळची प्रतिमा मागे राहते. क्यू ०९५७+५६१ मध्ये 'अ' प्रतिमा दीर्घिकेपासून सुमारे ५ विकला आणि 'ब' सुमारे १ विकला दूर आहे. त्यानुसार 'अ' मधील प्रत्येक बदल प्रथम दिसतो.

विलंबाचे परिमाण मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. प्रतिमांमधील कोनीय अंतर वाढले, की विलंब साधारणपणे त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक-दोन विकला अंतराच्या भिंगात तो काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत असतो, तर एसडीएसएस जे १००४+४११२ या दीर्घिकासमूहाने बनलेल्या, सुमारे १४ विकला विस्ताराच्या भिंगातील एका प्रतिमेचा विलंब पावणेसात वर्षांच्या जवळपास असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. दुसरी गोष्ट अंतरांची. निरीक्षकापासून भिंग व क्वेसार यांच्या अंतरांचा गुणाकार करून त्याला भिंग व क्वेसार यांच्यामधील अंतराने भागले असता जी लांबी येते, तिच्या प्रमाणात विलंब असतो. आणि ही लांबी हबल स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून वस्तुमानाची वाटणी निश्चित मानल्यास विलंबातील एक टक्क्याची चूक हबल स्थिरांकात तितक्याच टक्क्याची चूक म्हणून उतरते.

३. तेजस्वितेचे मापन

क्वेसारच्या तेजातील बदल सहसा लहान असतात. कित्येक महिन्यांत एक-दोन दशांश प्रतीचा फरक पडला, तरी तो उपयुक्त मानला जातो. ०.१ प्रत म्हणजे तेजात सुमारे १० टक्के फरक. अशा वक्रातील बारकावे जुळवायचे असतील, तर प्रत्येक रात्रीचे मापन एक-दोन शतांश प्रतीपर्यंत विश्वसनीय असले पाहिजे.

येथे पहिली अडचण वातावरणाची. जमिनीवरील चांगल्या वेधस्थळीही ताऱ्याची बिंदुरूप प्रतिमा सुमारे एक विकला रुंदीची होते. भिंगातील प्रतिमा एकमेकींपासून एक-दोन विकला अंतरावर आणि त्यांच्यामध्ये भिंगदीर्घिकेचा अंधूक प्रकाश, अशा स्थितीत प्रत्येक प्रतिमेभोवती वर्तुळ आखून आतील प्रकाश मोजण्याची साधी रीत उपयोगी पडत नाही. एकीचा प्रकाश दुसरीच्या वर्तुळात सांडतो. म्हणून त्याच चित्रातील ताऱ्यांवरून त्या रात्रीचा बिंदुप्रतिमेचा आकार निश्चित करतात. प्रतिमांच्या जागा हबल अवकाश दुर्बिणीच्या चित्रांवरून घेतात, आणि सर्व प्रतिमा व दीर्घिका मिळून मोजलेले चित्र तयार होईल अशा रीतीने प्रत्येकीचे तेज गणिताने वेगळे काढतात. वातावरणाची पारदर्शकता दर रात्री बदलते. परंतु त्याच चित्रातील स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना केल्यास हा बदल वजा होतो.

दुसरी अडचण सातत्याची. कालविलंबाच्या मापनासाठी मोठ्या दुर्बिणीच्या चार रात्रींपेक्षा लहान दुर्बिणीच्या चारशे रात्री अधिक मोलाच्या ठरतात. या तत्त्वावर स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांच्या पुढाकाराने कॉस्मोग्रेल नावाची सहकारी योजना सुरू झाली. तिच्यात चिलीतील ला सिया येथील ऑयलर आणि कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथील मर्केटर या प्रत्येकी १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणींनी तीच ती क्वेसारे वर्षानुवर्षे, दर काही रात्रींनी पाहिली. आरएक्सजे ११३१−१२३१ या चार प्रतिमांच्या भिंगातील एका प्रतिमेचा सुमारे ९१ दिवसांचा विलंब दीड-दोन टक्के अचूकतेने निश्चित झाला, तो अशा दीर्घ नोंदींच्या बळावरच.

४. ४१५ की ५४० ?

नोंदींतील खंड किती घातक ठरू शकतो, हे क्यू ०९५७+५६१ च्या इतिहासावरून कळते. १९८० च्या दशकात रुडॉल्फ शिल्ड व त्यांचे सहकारी, तसेच व्हांदेरिएस्त व त्यांचे सहकारी यांनी दृश्य प्रकाशातील वक्रांवरून सुमारे १.१ वर्षाचा, म्हणजे ४१५ दिवसांच्या आसपासचा विलंब काढला. १९९२ मध्ये प्रेस, रिबिकी व ह्युइट यांनी अधिक प्रगत संख्याशास्त्रीय रीत वापरून ५३६ दिवस हे मूल्य दिले. रेडिओ तरंगांतील मोजमापांतूनही ५०० दिवसांच्या वरचे मूल्य मिळत होते. दोन मूल्यांतील फरक चार महिन्यांचा होता. भिंगाचे प्रतिरूप एकच धरले, तर त्यांवरून निघणाऱ्या हबल स्थिरांकांत जवळजवळ ३० टक्के फरक पडत होता.

वादाचे मूळ पंचांगात होते. सूर्य आकाशाच्या त्या भागाजवळ आला, की दर वर्षी काही महिने दृश्य प्रकाशात हे क्वेसार नीट पाहता येत नाही. ४१५ दिवस म्हणजे एक वर्ष आणि सुमारे पन्नास दिवस. इतका विलंब धरून 'ब' चा वक्र मागे सरकविला, तर दोन्ही प्रतिमांचे वेधांचे मोसम बऱ्याच अंशी एकमेकांवर येतात. ५३६ दिवस म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. हा विलंब धरल्यास एकीचा मोसम दुसरीच्या रिकाम्या महिन्यांवर पडतो. मग प्रत्यक्ष तुलना होते ती मोजक्याच बिंदूंची, आणि उरलेला वक्र अंतर्वेशनाने भरावा लागतो. जेथे विरोध करणारे बिंदूच नाहीत, तेथे जुळणी सहज चांगली दिसते. दोन वक्र किती जुळतात यापुरतीच कसोटी लावली आणि ते किती बिंदूंवर जुळतात हे पाहिले नाही, तर खंड हाच निष्कर्षाचा आधार होऊन बसतो.

या वादाचा निकाल एका प्रत्यक्ष भाकिताने लागला. डिसेंबर १९९४ मध्ये 'अ' प्रतिमेच्या तेजात सुमारे ०.१ प्रतीची तीव्र घट नोंदली गेली. टॉमिस्लाव्ह कुंडिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. विलंब ४१५ दिवसांचा असेल, तर तशीच घट 'ब' मध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये दिसेल. ५४० दिवसांचा असेल, तर ती त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी दिसेल, असे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवले. घट फेब्रुवारी १९९६ मध्येच दिसली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्य ४१७ दिवस, अधिक-उणे ३ दिवस, असे होते. रेडिओ मोजमापांची मालिका पुरेशी लांबल्यावर तिच्यावरूनही १९९९ मध्ये ४०९ दिवस, अधिक-उणे ३० दिवस, हे त्याच्याशी सुसंगत मूल्य मिळाले.

५. सूक्ष्मभिंगांचा उपद्रव

पारसिकच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे वाटेत कोणीही चढत वा उतरत नाही. प्रत्यक्षात मुंब्रा व कळवा येथे उतारूंची चढउतार होऊ लागली, तर वळशाच्या मार्गावरील नोंद बोगद्याच्या मार्गावरील नोंदीशी तंतोतंत जुळणार नाही. भिंगात नेमके असेच घडते. प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश भिंगदीर्घिकेच्या निरनिराळ्या भागांतून येतो, आणि त्या भागातील सुटे तारे स्वतःही लहान भिंगांचे काम करतात. तारे, दीर्घिका व क्वेसार यांच्या परस्पर गतीमुळे हा परिणाम महिने किंवा वर्षे या कालावधीत बदलत राहतो. त्यामुळे एका प्रतिमेच्या तेजात असे चढउतार उमटतात, जे दुसऱ्या प्रतिमेत कधीच येत नाहीत. चँग व रेफ्सडाल यांनी १९७९ मध्ये या शक्यतेकडे लक्ष वेधले होते. १९८९ मध्ये 'आइन्स्टाइनचा क्रूस' या नावाने परिचित असलेल्या क्यू २२३७+०३०५ मध्ये हा परिणाम प्रथम आढळला. तेथे भिंगदीर्घिका इतकी जवळ व रचना इतकी सममित आहे की कालविलंब फार तर दिवसाच्या आसपास असतो. म्हणून एकाच प्रतिमेत दीर्घकाळ दिसणारा बदल क्वेसारचा नसून वाटेतील ताऱ्यांचा आहे, हे तेथे निःसंशय म्हणता येते.

कालविलंब काढण्याच्या आधुनिक रीतींमध्ये म्हणून दोन घटक एकाच वेळी शोधले जातात : सर्व प्रतिमांना समान असलेला क्वेसारचा स्वतःचा चढउतार, आणि प्रत्येक प्रतिमेचा स्वतंत्र, सावकाश बदलणारा सूक्ष्मभिंगजन्य घटक. वक्र सरकविल्यानंतर शेजारशेजारच्या बिंदूंमधील विखुरण कमीतकमी करण्याची रीत यान पेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. त्यानंतर लवचिक बहुपदी-वक्र आणि संभाव्यताशास्त्रातील गाउसीय प्रक्रिया यांवर आधारलेल्या रीती आल्या. या सर्वांत महत्त्वाची सुधारणा त्रुटीच्या अंदाजाची आहे. मिळालेल्या वक्रांसारखेच, त्याच तारखांना बिंदू असलेले, तितकाच गोंगाट व तसेच सूक्ष्मभिंगजन्य बदल असलेले शेकडो कृत्रिम वक्र तयार करतात. त्यांतील विलंब कर्त्याला ठाऊक असतो. रीत तो कितपत बिनचूक शोधते हे पाहून मगच प्रत्यक्ष मूल्याची त्रुटी ठरवितात. अनेक गटांच्या रीतींची अशी जाहीर परीक्षाही झाली. हजारो कृत्रिम वक्र वाटण्यात आले आणि खरी उत्तरे शेवटपर्यंत गुप्त ठेवण्यात आली.

सूक्ष्मभिंगांचा आणखी एक परिणाम २०१८ मध्ये टाय व कोखानेक यांनी पुढे आणला. क्वेसारची चकती पूर्णतः बिंदुरूप नसते. केंद्रातील बदल तिच्या बाहेरच्या भागांत थोड्या विलंबाने पोहोचतो. सूक्ष्मभिंगे चकतीच्या निरनिराळ्या भागांचे वर्धन निरनिराळे करतात, आणि त्यामुळे मोजलेल्या कालविलंबातच दिवसाच्या श्रेणीचा फरक पडू शकतो. ९१ दिवसांच्या विलंबात एक दिवस म्हणजे एक टक्का. १४ दिवसांच्या विलंबात तोच एक दिवस सात टक्के होतो. मोठ्या विलंबाची भिंगे अधिक मोलाची मानली जातात ती यासाठीही.

६. भारतातील कार्य

या विषयाशी भारतीय संशोधकांचा संबंध आरंभापासूनचा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, काही रेडिओ उगमांचे घटक प्रकाशापेक्षा अधिक वेगाने दूर जाताना का भासतात, याचे स्पष्टीकरण गुरुत्वीय भिंगाच्या आधारे सुचविले. त्या दृश्याचे आज सामान्यतः स्वीकारले जाणारे स्पष्टीकरण वेगळे, म्हणजे निरीक्षकाच्या दिशेने जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या झोतांचे, आहे. तरीही भिंगाच्या गणिताकडे येथील संशोधकांचे लक्ष त्या काळीच वळले होते, हे यावरून दिसते. त्यानंतरच्या दशकात त्याच संस्थेत डी. नरसिंह, कंडास्वामी सुब्रमण्यन व चित्रे यांनी भिंगांची गणिती प्रतिरूपे मांडली. सिद्धांताप्रमाणे प्रतिमांची संख्या विषम असावी, मग वेधांत ती सम का आढळते, या प्रश्नाचा विचार त्यांनी १९८६ मध्ये केला.

पीकेएस १८३०−२११ या उगमाची कथा विशेष उद्बोधक आहे. या दक्षिणेकडील तेजस्वी रेडिओ उगमाची रचना दुहेरी असून ती गुरुत्वीय भिंगामुळे असावी, असे ए. प्रमेश राव व रवी सुब्रह्मण्यन यांनी १९८८ मध्ये सुचविले. १९९० मध्ये त्यांनी नरसिंह व गोविंद स्वरूप यांच्यासह हा विचार विस्ताराने मांडला. १९९१ मध्ये दोन्ही घटकांना जोडणारे पूर्ण कडे दिसले व भिंगाची खात्री पटली. हा उगम आकाशगंगेच्या धुळीआड असल्यामुळे दृश्य प्रकाशात त्याचा वक्र मिळविणे अवघड होते. कालविलंब रेडिओ तरंगांतूनच काढावा लागला. १९९५ मध्ये ४४ दिवसांचे मूल्य प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बीण-समूहाच्या अधिक काटेकोर वेधांनी १९९८ मध्ये ते २६ दिवसांवर आणले. पुढे फर्मी उपग्रहाने नोंदलेल्या गॅमा किरणांच्या चढउतारांतूनही सुमारे २७ दिवसांचा विलंब निघाला. तरंगलांबीत प्रचंड फरक असूनही विलंब तोच आला. भूमिती व गुरुत्व यांवर अवलंबून असलेल्या राशीकडून अपेक्षाही तीच होती.

दृश्य प्रकाशातील कार्यात लडाखमधील हान्ले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेल्या २ मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीचा वाटा आहे. एसडीएसएस जे १००१+५०२७ या दोन प्रतिमांच्या क्वेसारचे वेध तिने, मर्केटर दुर्बिणीने आणि उझबेकिस्तानातील मैदानाक वेधशाळेने मिळून सहा वर्षांहून अधिक काळ घेतले. एकूण ४४३ रात्रींच्या नोंदींवरून एस. रत्नकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ११९.३ दिवस, अधिक-उणे ३.३ दिवस, हा विलंब प्रसिद्ध केला. येथे हान्लेच्या भूगोलाचाही लाभ मिळतो. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील गिरवली येथेही २ मीटरची दुर्बीण आहे. परंतु सह्याद्रीच्या आसमंतात जून ते सप्टेंबर हे महिने ढगांचे. ज्या मापनात खंड हाच मुख्य शत्रू आहे, त्यात हिमालयापलीकडील कोरडे आकाश निर्णायक ठरते.

७. हबल स्थिरांक आणि उरलेली शंका

कालविलंब अचूक मोजला म्हणजे काम संपत नाही. क्यू ०९५७+५६१ चा विलंब एक टक्क्याहून कमी त्रुटीने ठाऊक झाला, तेव्हाही त्यावरून निघालेल्या हबल स्थिरांकाचे मूल्य ६४, अधिक-उणे १३, असे होते (येथे व पुढे एकक, दर मेगापार्सेकला सेकंदास किलोमीटर). उरलेली अनिश्चितता भिंगातील वस्तुमानाच्या वाटणीची होती. फाल्को, गोरेन्स्टाइन व शापिरो यांनी १९८५ मध्ये दाखविले होते की, भिंगाच्या वस्तुमानात एका समान घनतेच्या पत्र्याची भर घालून उरलेले वस्तुमान त्या प्रमाणात कमी केले, तर प्रतिमांच्या जागा व तेजाची गुणोत्तरे बदलत नाहीत. कालविलंब मात्र बदलतो. ही संदिग्धता केवळ प्रतिमांकडे पाहून कधीच दूर होत नाही. त्यासाठी भिंगदीर्घिकेतील ताऱ्यांचे वेग मोजणे, तसेच दृष्टिरेषेच्या आसपासच्या दीर्घिकांची गणती करणे, अशी स्वतंत्र साक्ष लागते.

या प्रश्नाचे महत्त्व गेल्या काही वर्षांत फार वाढले आहे. प्लँक उपग्रहाने मोजलेल्या वैश्विक पार्श्वभूमी प्रारणावरून, प्रचलित विश्वप्रतिरूप गृहीत धरून, २०१८ च्या विश्लेषणात ६७.४, अधिक-उणे ०.५, हे मूल्य मिळाले. सेफीड तारे व अतिदीप्त नवतारे यांच्या शिडीने २०२२ मध्ये ७३.०४, अधिक-उणे १.०४, हे मूल्य दिले. फरक केवळ चुकीचा आहे की विश्वप्रतिरूपातच काही उणे आहे, हा प्रश्न तिसऱ्या, सर्वस्वी स्वतंत्र साक्षीवाचून सुटणे कठीण; आणि कालविलंब ही तशी साक्ष आहे, कारण तिला शिडीची एकही पायरी लागत नाही. सहा भिंगांवरून २०२० मध्ये ७३.३ हे मूल्य सुमारे २.४ टक्के अचूकतेने जाहीर झाले. परंतु त्याच वर्षी, वस्तुमानाच्या वाटणीविषयीची गृहीते शिथिल करताच, हे मूल्य ७४.५ होऊन त्याची त्रुटी ५ ते ६ एककांपर्यंत वाढली. आणि अन्य दीर्घिका-भिंगांची माहिती जोडल्यावर ते ६७.४ वर आले. म्हणजे दोन्ही पक्षांना आपापली बाजू त्यात पाहता येते. कालविलंबाची साक्ष तूर्त त्रुटीच्या मर्यादेसह ऐकली पाहिजे. त्या मर्यादेवाचून तिचा उल्लेख करणे म्हणजे तिला न बोललेले बोलावयास लावणे होय.

रेफ्सडाल यांची मूळ कल्पना अतिदीप्त नवताऱ्याची होती. तीही अखेर सफल झाली. २०१४ मध्ये एका दीर्घिकासमूहामागे दिसलेल्या व त्यांचेच नाव दिलेल्या नवताऱ्याची आणखी एक प्रतिमा, भाकितानुसार, डिसेंबर २०१५ मध्ये प्रकट झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तिचा विलंब सुमारे ३७६ दिवस ठरला.

८. पुढील दिशा

चिलीतील व्हेरा रूबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपल्या पहिल्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. दक्षिण आकाशाचे दहा वर्षे पुनःपुन्हा चित्रण करण्याच्या तिच्या योजनेतून शेकडो भिंगांचे कालविलंब मिळण्याची अपेक्षा आहे. भिंगांचा तुटवडा त्यामुळे कमी होईल. वक्रांतील खंड, सूक्ष्मभिंगे आणि वस्तुमानाचा पत्रा या तीन अडचणी मात्र तशाच राहतील, आणि त्यांचा विचार करणाऱ्या प्रशिक्षित माणसांची गरज वाढेल.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील रात्रीचे आकाश शहराच्या दिव्यांनी उजळलेले असते. येथील एखाद्या महाविद्यालयाच्या गच्चीवरून अशा अंधूक प्रतिमांचा शतांश प्रतीपर्यंत वेध घेणे शक्य नाही. परंतु या विषयातील अर्धे काम वेधानंतरचे आहे. रत्नकुमार, स्टॅलिन व प्रभू यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले कार्य याचे चांगले उदाहरण होय. अन्य गटांनी पूर्वीच प्रसिद्ध केलेले २४ क्वेसारांचे वक्र त्यांनी एकाच रीतीने नव्याने तपासले. त्यांपैकी १४ क्वेसारांचेच वक्र २० टक्क्यांहून चांगल्या अचूकतेचा विलंब देण्याइतके चांगले आहेत, असे त्यांना आढळले. आणि त्यांतील १० भिंगांवरून हबल स्थिरांकाचे ६८.१, अधिक-उणे ५.९, हे मूल्य त्यांनी काढले. असे प्रसिद्ध वक्र आज कोणाही विद्यार्थ्याला उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक जोडी घ्यावी, ती निरनिराळ्या विलंबांनी सरकवून पाहावी, प्रत्येक विलंबाला प्रत्यक्षात किती बिंदू समोरासमोर येतात ते मोजावे, आणि नंतर ज्ञात विलंबाचे कृत्रिम वक्र बनवून आपल्याच रीतीची परीक्षा घ्यावी. पदव्युत्तर वर्गाच्या एका सत्रात हा अभ्यास पुरा होण्यासारखा आहे, आणि ४१५ व ५४० या दोन संख्यांमधील वाद का उद्भवला, हे त्यातून विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येईल.